जीपचे दहा रबर

८ नोव्हेंबर, शनिवार

ही वही खरं तर ब्लाऊजच्या मापांची. मागची पानं कोरी होती, ती आजपासून मामांच्या नावे केली. नारायणगावला बोलणं शिकवणाऱ्या मॅडम आहेत, त्यांनी बजावून सांगितलंय की रोज ते कोणते शब्द बोलले ते लिहून ठेवा. जाता जाता म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं तेही लिहा. मला काय वाटतं हे विचारणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं, म्हणून लिहिते.

मामा म्हणजे माझे सासरे, भिमा. वय एकाहत्तर. तीन जानेवारीला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने चालता झाला, उजवा हात अजून खांद्यातून लोंबतोय आणि बोलणं गेलं. कळतं सगळं. बोलायला तोंड उघडतात, शब्द येत नाही, मग मान फिरवून घेतात. काठीने दाखवतात, आणि आम्ही घरचे इतके हुशार की काठी उचलायच्या आत ओळखतो. मॅडम म्हणतात, पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं येईल, पुढे फार अवघड. वर्ष संपायला आठ आठवडे राहिलेत. आठवड्यातून दोनदा आणा म्हणाल्या.

आज दुसरी खेप होती. येडगावपासून कालव्याच्या रस्त्याने जाईपर्यंत आमच्या जीपने मामांचा खांदा खिळखिळा केला. खड्डा आला की मागून धाडकन आवाज आणि तो थेट हाडात. येताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी उतरल्यावर फाटकाचा गज डाव्या हाताने धरून ठेवला आणि मान हलवली. आता पुन्हा बसणार नाहीत. दुसऱ्या कुणाची गाडी मागावी तर काचा लावलेल्या गाडीत त्यांना मळमळतं. सव्वीस वर्षं उघड्या जीपमध्ये वारं खाल्लेला माणूस.

आजचे शब्द: हां. न्हाय. आणि खड्ड्यात एक स्वच्छ शिवी. शिवी धरायची का, ते मॅडमना विचारायचं राहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

जीप आळेफाट्याला भागू मिस्त्रीकडे नेली. त्याने खाली वाकून बघितलं, मग मागच्या फळीला धरून अशी हलवली की मला वाटलं उपटूनच काढतोय.

"वयनी, तुमची बॉडी चासीवर बसलीच न्हाय. नुसती ठिवलीय. रबर खाल्लेत सगळे."

त्याने मला खाली वाकवून दाखवलं तेव्हा मी थक्क झाले. सतरा वर्षं मी या जीपमध्ये बसतेय, सोळा वर्षं चालवतेय, आणि मला वाटायचं जीप म्हणजे एकच एक वस्तू. तसं नाही. खाली लोखंडाची लांब चौकट, तिला चासी म्हणतात. इंजिन, चाकं सगळं तिला. वरची बॉडी वेगळी. दोन्हींच्या मध्ये दहा ठिकाणी हाताच्या मुठीएवढे रबर आणि प्रत्येकातून एक बोल्ट. सोळा-सोळा माणसं, कांद्याची पोती, दुधाच्या किटल्या, एकदा तर अख्खी नवरी वऱ्हाडासकट, हे सगळं त्या दहा रबरांवर बसून गेलं. वाटलं, नमस्कार करावा.

भागूकडे कारखान्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलीय. महिनाभर हात लावणार नाही म्हणाला. पण माणूस चांगला. शेजारच्या दुकानातून रबरांचा संच काढून दिला आणि समजावलं. एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचे नट सैल करायचे, काढायचे नाहीत. जॅक आणि बॉडीच्या मध्ये लाकूड ठेवायचं. घाई नाही.

मी ऐकताना मनात म्हटलं, ही तर कच्ची शिवण. एक बाजू टाचून ठेवायची आणि दुसरी उसवायची. एवढं मला येतं.

आमचे हे ट्रकवर असतात, टोमॅटो घेऊन गुजरातच्या वाटेवर होते. फोनवर म्हणाले, भंगारात घाल. मी फोन ठेवून दिला.

आजचे शब्द: हां.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांची जुनी पँट आणि शर्ट घातला, केस बांधले, पत्र्याच्या शेडमध्ये जीपखाली गोधडी टाकून आडवी झाले. मामा बाजेवर बसून होते. त्यांनी काठीने मला एकेक नट दाखवला. कुठे टेकवायचं, कुठल्या बाजूला फिरवायचं, काठीच्या टोकाने सगळं नेमकं. शब्दाची गरजच नाही. तासाभरात दहाही नटांची माती खरवडून त्यांवर डिझेल सोडलं. मला वाटलं, असं चाललं तर चार दिवसांत काम उरकेल.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई गजराबाई, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. नुसत्या बघत होत्या, कधी माझ्याकडे, कधी काठीकडे.

साडेपाचला आवरलं. उसातून बिबट्या यायच्या आत दार लावायचं असतं.

आजचे शब्द: एकही नाही. दिवस मात्र छान गेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी बघते तर बाज आणि जीप यांच्यामध्ये दोरी बांधलेली आणि दोरीवर आत्यांचं जुनं नऊवारी लुगडं पसरलेलं.

"आत्या, हे काय?"

"सासऱ्याम्होरं पाय पसरून लोळतीस. बरं दिसतं का? मधी पडदा ऱ्हाऊ दे."

ही तीच बाई जिने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मला ड्रेस घालायला लावून मामांबरोबर धरणाच्या कडेला जीप शिकायला पाठवलं होतं. गावाने तोंडात बोटं घातली तेव्हा म्हणाली होती, "मला न्हाय आलं, तिला तरी येऊ दे." आणि आता मी अडतीस वर्षांची झाल्यावर हिला सासरा-सुनेची मर्यादा आठवली. म्हातारपणी माणसं अशी होतात की काय, कोण जाणे.

आता मामांना मी दिसत नाही, मला मामा दिसत नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. पण आपटण्यावरून मला काय कळणार?

"मामा, कोणता? हा का तो?"

काठी.

"अहो, दिसत नाही मला. कोणता?"

बराच वेळ काहीच नाही. मग पडद्यामागून असा आवाज आला, घशात अडकलेला घास निघावा तसा. "ड... डावा."

कालच्या काठीने जे पापणी लवायच्या आत झालं असतं त्याला आज दहा मिनिटं लागली. असल्या हट्टापायी कामाचा खोळंबा. चिडून दुपारी जेवले नाही, मग चारला भूक लागली म्हणून दोन भाकरी खाल्ल्या.

आजचे शब्द: डावा. हां. डावा (परत).

१५ नोव्हेंबर, शनिवार

डिझेल मुरू द्यायचं म्हणून दोन दिवस शिवणकाम उरकलं. आज एकोणीसचा पाना लावला. पहिले तीन नट सुटले. चौथा, मागचा डावा, जागचा हलेना. पान्याला पाइप घालून जोर लावला. तेवढ्यात पडद्यामागून, "थांब."

मी थांबले नाही. कट्‌ करून बोल्ट तुटला आणि माझी बोटं पत्र्यावर आपटली.

रक्त पुसत विचार करत होते की त्यांना कळलं कसं. मी नट बघत होते, हात माझा पान्यावर होता, तरी मला कळलं नाही. लुगड्यापलीकडे बसलेल्या माणसाला नुसत्या कुरकुरण्यावरून कळलं. बोटांचं दुखणं विसरून मी तशीच पडून राहिले.

तुटलेला बोल्ट बाहेर काढून बघितला. आत साफ कुजलेला. भागूला फोनवर सांगितलं तर त्याने विचारलं, "पाण्यात घालता का वो गाडी?" मी म्हटलं, दर वर्षी. खंडेनवमीला मामा जीप धरणाच्या पाण्यात नेतात. आमच्याकडे मेंढरं कातरायच्या आधी नदीत धुतात, एकेक धरून, मायेनं. मेंढरं विकून जीप घेतली तर मेंढरांची अंघोळ जीपला लागू झाली. अर्धी जीप बुडेल एवढ्या पाण्यात दोन-तीन तास उभी करायची, चोळायची, मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. सव्वीस वर्षं. भागू हसला. "पाणी रबरात बसून ऱ्हातं वयनी. पूजेनंच खाल्लं बोल्टांना."

फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडून मामा म्हणाले, "माजी... चूक."

मी पडद्याआडूनच म्हटलं, मामा, इतकी स्वच्छ जीप तालुक्यात दुसरी नव्हती. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

आजचे शब्द: थांब. माझी. चूक. हां (बऱ्याचदा).

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

उरलेल्या रबरांपैकी कुठले मेले आणि कुठले अजून चालतात ते उघडल्याशिवाय कळत नाही, असं मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओत सांगतात. मी मामांना ते ऐकवलं. पडद्यामागून, "ठोक."

"काय?"

"हातोडी. ठोक."

पहिल्या रबरापाशी चासीवर हातोडी मारली. "मेला." दुसऱ्यापाशी मारली. "मेला." तिसरा. "जिता हाय." असं नऊ ठिकाणी. मला सगळे आवाज सारखेच ऐकू येत होते, ठण् ठण् ठण्. मी वहीत लिहून घेतलं. सात मेलेले, दोन जिते. मग संध्याकाळपर्यंत मी डाव्या बाजूच्या तीन रबरांचे खालचे अर्धे भाग काढले, वरचे बॉडी उचलल्याशिवाय निघत नाहीत. दोन मेलेले सांगितले होते ते दगडासारखे कडक, नखाने खरवडले तर भुगा. जिता सांगितला तो दाबला की अजून दबत होता.

जानकू आमच्या शेजारचा, अजून चाळीसेक मेंढ्या राखतो. तो येऊन बसला होता. म्हणाला, "आंधारात मेंढरू खोकलं तर कोणतं ते सांगायचा तुजा सासरा. हे तर लोखंड हाय, जागचं हालत बी न्हाय." जानकूला त्यात नवल वाटलं नाही. मला वाटतंय. माणसाच्या तोंडातून शब्द निघून जातात, पण हे कुठे साठवलेलं असतं की ते जात नाही?

आत्यांना म्हटलं, जानकूभाऊ बसलेत पलीकडे, सगळे माझं सोंग बघतात, तेव्हा नाही का तुमची मर्यादा? पडदा काढते. आत्यांनी माझा हात धरला. चांगलाच घट्ट. "पडदा ऱ्हाऊ दे म्हन्ले ना." एवढा हट्टी स्वभाव मी दुसऱ्या कुणाचा बघितलेला नाही.

आजचे शब्द: ठोक, हातोडी, मेला, जिता हाय, दिवा धर (आत्यांना).

१९ नोव्हेंबर, बुधवार

बॉडी उचलली.

बाभळीचा ओंडका मधे घालून जॅक लावला. एकेक दांडा मारत गेले. आधी कुरकूर, मग सगळ्या पत्र्याने अंग आखडून घेतल्यासारखं केलं, आणि मग चासी आणि बॉडीच्या मध्ये एक फट पडली. त्या फटीतून पलीकडचं ऊन दिसलं. आधी दोऱ्याएवढं, मग फितीएवढं, मग दोन बोटं. सव्वीस वर्षांत तिथे कधी उजेड गेला नसेल. मी हातातलं सोडून बघतच राहिले. एवढी मोठी जीप, आणि ती खरोखर ठेवलेली होती, नुसती ठेवलेली.

त्या नादात माझी घोडचूक झाली. रेडिएटर चासीला असतो आणि त्याची पकड बॉडीला. ती सैल करायला भागूने तीनदा सांगितलं होतं. मी विसरले. आणखी एक दांडा मारला तशी वरची नळी ताणली गेली. मला दिसलं नाही. पलीकडून मामा ओरडले, "पानी... आशा, पानी गळतंय. खाली घे. खाली घे गं, हळू."

जॅक उतरवला. नळी अर्धी सुटली होती, फाटली नव्हती. पाच मिनिटं उशीर झाला असता तर रेडिएटरच गेला असता. बसून राहिले. आत्यांनी चहा आणला आणि माझ्याकडे न बघता पदराने डोळे पुसत होत्या. जीपसाठी रडतायत वाटून मी म्हटलं, आत्या, काही झालं नाही हो, नळी शाबूत आहे. त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय, नळी." आणि आणखीच रडायला लागल्या. मी किती मोठी चूक केली होती हे तेव्हा मला खरं कळलं.

शब्द लिहायला आज बसले नाही. पाणी, हळू वगैरे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या बाजूचे पाचही नवे बसले. पण मागचा डावा काढताना आत रबर नव्हताच. टायरचा एक जाड तुकडा निघाला, त्याला दोन खिळे. मी तो पडद्यावरून मामांकडे टाकला. पलीकडून आत्यांचा आवाज आला.

"ही माजी चप्पल हाय."

जीप वडापला, म्हणजे माणसं भरून भाड्याने चालायची तेव्हा ऐन लग्नसराईत रबर फुटला होता. गाडी उभी ठेवणं परवडणार नव्हतं. मामांनी हाताला लागली ती टायरची चप्पल कापून आत बसवली होती आणि बायकोला सांगितलं होतं, कुत्र्याने नेली. त्या आठ दिवस अनवाणी रानात फिरल्या.

"कुत्र्यानं न्हेली व्हय?" आत्या म्हणत होत्या. "आं? कुत्र्यानं?"

मामा हसायला लागले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता म्हणाले, "कुत्रा... मीच." मग दोघंही हसत होते आणि मी जीपखाली एकटी ग्रीसने माखलेली. काय चाललंय बघायला पडदा बाजूला करावा असं फार वाटलं, पण केला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मॅडमचा फोन आला. पाच वेळा आला नाहीत, काय अडचण आहे? मी खरं सांगितलं, जीप उघडून ठेवलीय. त्या चिडल्या नाहीत, त्याने जास्त लाज वाटली. म्हणाल्या, आता पाचच आठवडे आहेत ना.

फोन ठेवला आणि रडले. कुणाला सांगू? रबरांच्या नादात मी मामांचा महिना घालवला. आळेफाट्याच्या ओळखीच्या कुणाची उघडी गाडी मागता आली असती. मला जीपच दुरुस्त करायची खुमखुमी. पहिल्यापासूनची माझी सवय, एक उसवलेलं दिसलं की हातातलं टाकून त्याच्यामागे.

मामा बाहेरून म्हणाले, "आशा, काय झालं? कुनाचा फोन?" मी म्हटलं, काही नाही मामा. ते म्हणाले, "मंग ये. उजवी बाजू ऱ्हायलीय." मी तोंड धुऊन गेले.

उजवीकडचे दोन सुटले. शब्द लिहायचे राहतायत, बरेच असतात, कामाच्या गडबडीत लक्षात राहत नाहीत. रविवारी एकत्र आठवून लिहीन. मॅडमनी वही मागितली तर काय दाखवू?

३ डिसेंबर, बुधवार

दहाही रबर बसले. संध्याकाळच्या उन्हात जीपखाली पडून मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. काळेभोर, गोल, एका ओळीत. शिवलेल्या कपड्याला आपण आतून बघतो तेव्हा जसं समाधान वाटतं तसं वाटलं. हे माझ्या हाताने झालं यावर विश्वास बसत नव्हता.

आता फक्त शेवटचं आवळणं. पाना लावला तर पलीकडून, "न्हाय. रिकामी न्हाय आवळायची."

"म्हणजे?"

"भरून. मानसं बसवून." थोडं थांबून, शब्द शोधत, "रिकामी आवळली... तर भरल्यावर सैल व्हती. रबर दबू दे. मंग आवळ. आमी वडापला... तसंच करायचो."

व्हिडिओत असं काही नव्हतं. भागूला विचारलं. तो म्हणाला, व्हिडिओतला माणूस काही सांगू दे, ज्याने सोळा बसवून चालवली त्याचं ऐका.

आत्या लगेच उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि गावात सांगायला गेल्या. रविवारी सकाळी या, भिमाच्या जीपमध्ये बसायचंय. कुठे जायचंय म्हणून लोकांनी विचारलं असणार. कुठेच नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी नऊला अंगण भरलं. चाकांना दगड लावले, जॅक काढून टाकले, जीप स्वतःच्या पायांवर उभी. मी पाना घेऊन खाली गेले. लुगडं होतंच. मला फक्त त्याच्याखालून पाय दिसत होते. चपला, बूट, अनवाणी, एक पाय प्लास्टरमधला. दहा-बारा माणसं असतील आणि सगळी गप्प होती, कारण गेल्या जानेवारीपासून भिमाभाऊ बोलत नाहीत एवढंच जानकू सोडून सगळ्यांना माहीत होतं. काय करायचं, कसं बसायचं, कोणाला कळेना.

मग काठी टेकल्याचा आवाज आला आणि मामा बोलले.

"जानकू. मागं, उजवीकडं."

एक बूट उचलला, पायरी वाजली.

"मंगल. तिच्या... त्याच्याशेजारी." मंगल अंगणवाडीत मदतनीस, पंधरा वर्षं रोज नारायणगावला जायची. तिच्या पायातल्या चपला जागच्या जागी थबकल्या. मग ती, "आले भाऊ," म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

"सावळेराम. किटली... तुजी किटली कुटंय? बरं, बस." दुधाची किटली घेऊन बसणारा सावळेराम. त्याची जागा मागच्या फळीवर, तो तिथेच बसला.

एकामागून एक. मी खालून बघत होते. माणूस चढलं की बॉडी केसभर खाली येई आणि नवा रबर तेवढाच दबे, पुन्हा माणूस, पुन्हा केसभर. लोखंडाला लोखंड लागत नव्हतं. एका माणसापाशी मामा अडकले. पाय समोर उभे, नाव येईना. मला वाटलं, झालं, आता मान फिरवतील. पण ते म्हणाले, "तू रे... चौदा नंबर."

सगळे हसले. "व्हय भाऊ, चौदा नंबरच्या थांब्यालाच उतरायचो मी," तो म्हणाला आणि चढला.

आणि तिथे, पाठीखाली गोधडी, तोंडावर धूळ, मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं की मी काय ऐकतेय. ही नावं होती. अकरा माणसं बसली होती आणि दहा नावं आली होती. महिन्याभराची या वहीची पानं माझ्या डोळ्यांपुढून गेली आणि मी शब्द लिहायचं सोडून दिलं होतं ते का, ते कळलं. मोजता येईनात इतके झाले होते. आणि आत्यांनी ते लुगडं कशासाठी टांगलं होतं, तेही कळलं. मी हातात पाना धरून तशीच पडून राहिले. देवळात गेल्यावरही मला असं कधी झालेलं नाही.

जीप भरली. पुढे ड्रायव्हरशेजारची जागा तेवढी रिकामी होती. पडद्याखाली आता मामांची सोडून दोनच पावलं उरली होती, जोडवी घातलेली, टाचा भेगाळलेली. आत्यांची.

"तू," मामा म्हणाले. "पुढं."

"पुढं पॅसिंजर बसतो," आत्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. पुढची जागा चांगली, वारं लागतं, धक्के कमी, म्हणून ती पैसे देणाऱ्याची. सव्वीस वर्षं त्या मागे खाली, गाठोड्यांमध्ये बसल्या. पॅसेंजर वाढला की उतरून चालत आल्या. मी लग्न होऊन आल्यापासून तेच बघितलं आणि मलाही त्यात कधी काही वाटलं नाही.

जीपमधल्या अकरा जणांपैकी कोणी खोकलं नाही. मामांचा श्वास मला खालून ऐकू येत होता, शब्दाच्या मागे धावणारा. मदतीला कोणी शब्द पुरवला नाही, आत्यांनीही नाही.

"लई वर्सं... मागं बसवली तुला," ते म्हणाले. "आता पुढं बस. गजरा."

त्यांच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. आमच्यात नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. एकांतात घेत असतील तर देव जाणे, पण या अंगणात ते नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं, झटक्याच्या आधीही नाही.

जोडव्यांची पावलं हलली नाहीत. मग डावं उचललं, मग उजवं. पुढचा डावा रबर अगदी थोडा दबला. आत्यांचं वजन ते केवढं.

"आशा," मामा म्हणाले, "आवळ."

मला नट दिसत नव्हता. हाताने चाचपून पाना बसवला आणि आवळायला लागले.